ओव्हाळ मॅडमचा जिना

समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला 'आपण' म्हणणाऱ्या वकील मी आमच्या कोर्टात एकच पाहिल्या. उलटतपासणीत बाकीचे वकील आवाज चढवायचे, टेबलावर हात आपटायचे. निर्मला ओव्हाळ मॅडम चष्मा पुसत पुसत, घरी आलेल्या पाहुण्याला चहात साखर किती घालू विचारावं त्या सुरात विचारायच्या, "म्हणजे कुंपण आपण सरकवलं नाहीत. ते आपलं आपणच सरकलं. बरोबर ना?" साक्षीदार गोंधळून 'हो' म्हणून जायचा. न्यायाधीश मान खाली घालून लिहायला लागायचे. ते लिहायचे की हसू लपवायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्यांच्याकडे जुनिअर म्हणून लागलो, त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं. घड्याळं दुरुस्त करतात म्हटल्यावर म्हणाल्या, "मग वेळेवर येण्याची जबाबदारी तुमच्यावर जास्त. सय्यद, या टेबलावर दोनच गोष्टी शिकायला मिळतील. तिसरी हवी असेल तर पलीकडे पुष्कळ टेबलं आहेत. पक्षकार उभा असेल तर आपण बसायचं नाही. आणि दुसरी, तोंड पक्षकाराचं, सही आपली." एवढं बोलून त्या डबा उघडून जेवायला बसल्या. डब्यात भाकरी आणि ठेचा. अर्धी भाकरी माझ्यासमोर सरकवली, आणि मी पुढे सहा-सात वर्षं तिथेच राहिलो.

सहीचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. दाव्यात वकील बोलतो ते पक्षकाराचं म्हणणं असतं. ते खोटं निघालं तर खोटं पक्षकार बोलला, वकील नव्हे. पण प्रतिज्ञापत्राच्या शेवटी, पक्षकाराच्या अंगठ्याखाली, आणखी एक ओळ असते: 'या व्यक्तीस मी ओळखतो.' त्याखाली वकील सही करतो आणि ती बघून नोटरी शिक्का मारतो. ही ओळ मात्र सर्वस्वी वकिलाची. कोर्टाच्या आवारात दिवसभरात अशा किती सह्या होतात विचारू नका. चहा पिता पिता होतात, फोनवर बोलता बोलता होतात. मॅडम मात्र सही करण्याआधी माणसाला समोर बसवून त्याचं तोंड बघायच्या. पाणी द्यायच्या, मुलंबाळं विचारायच्या, मगच पेन उघडायच्या. आमच्या शेजारच्या टेबलावरचे देवधर नोटरी यावर वैतागायचे. "मॅडम, सोयरीक जुळवताय की ॲफिडेव्हिट करताय?" मॅडम म्हणायच्या, "सोयरिकीत एवढं बघत नाहीत, म्हणून तर आपल्याला कामं मिळतात."

दिसायला त्या बुटक्या आणि जाड. गुडघे कधीचेच कामातून गेलेले. आमचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं आणि जिना जुना, उंच पायऱ्यांचा. सकाळी कठडा धरून एक एक पायरी चढायच्या आणि वर आल्या की संध्याकाळपर्यंत शक्यतो खाली उतरायच्या नाहीत. धायरीहून स्कूटरवर यायच्या. स्कूटरवर वकिलांचं चिन्ह चिकटवलेलं, तेही अगदी सरळ रेषेत.

वकिलीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. घराण्यातल्या पहिल्या वकील. वडील पोस्टमन. वकिलीची सनद टपालाने आली ती नेमकी वडिलांच्याच बीटमध्ये, त्यांच्या वाटपाच्या गल्ल्यांत. त्यांनी ती पिशवीतून सरळ काढून घरी आणली नाही. वाटेतली सगळी टपालं वाटत, आपल्या घराचा क्रम आला तेव्हा खाकी कपड्यांत दारात उभे राहिले आणि हाक मारली, "ॲडव्होकेट निर्मला ओव्हाळ आहेत का घरात?" पोच म्हणून सही घेतल्याशिवाय पाकीट हातात दिलं नाही. ही गोष्ट मॅडम वर्षातून एकदा तरी सांगायच्या.

इतकं सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की, अशा बाईंच्या हातून ते झालं.

वाघोलीचे दत्तोबा त्यांचे सुरुवातीच्या दिवसांपासूनचे पक्षकार. मॅडमना कोणी विचारत नव्हतं त्या काळात त्यांनी आपला दावा मॅडमना दिला होता, हे मॅडम विसरल्या नव्हत्या. दर थंडीत भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन यायचे. वाघोलीत चारी बाजूंनी इमारती उठायला लागल्या तेव्हा त्यांच्या घरात जमिनीच्या वाटपाचा दावा उभा राहिला. दत्तोबा एक दिवस धापा टाकत वर आले. बहिणीचा समझोता झालाय, तिला हिस्सा नको, तसं प्रतिज्ञापत्र आजच दाखल करायचंय. बहीण कुठे आहे? "खाली रिक्षात बसलीय. पाय सुजल्यात तिचं. जिना न्हाई चढवत." मॅडमचे गुडघे त्या दिवशी फार दुखत होते. समोर बसलेला माणूस बावीस-पंचवीस वर्षांचा विश्वासाचा. त्या म्हणाल्या, घेऊन या अंगठा. दत्तोबा खाली गेले, अंगठा घेऊन वर आले. मॅडमनी सही केली. ती सही बघून देवधरांनी शिक्का मारला. मी तेव्हा दुसऱ्या कोर्टात तारीख घ्यायला गेलो होतो. परत आलो तेव्हा टेबलावर शेंगा होत्या.

रिक्षात कोण होतं, हे आजतागायत कोणाला माहीत नाही. बहीण नव्हती एवढं नक्की. दत्तोबांची बहीण यमुनाबाई वाघोलीतच होत्या, ठणठणीत होत्या, आणि आपलं नाव उताऱ्यावरून जाणार असं तलाठ्याकडून कळल्यावर त्या स्वतः कोर्टात आल्या. अंगठा माझा नाही, म्हणाल्या. तपासणी झाली. नव्हताच. दत्तोबावर गुन्हा दाखल झाला, ते प्रतिज्ञापत्र रद्द झालं, आणि यमुनाबाईंच्या वकिलांनी बार कौन्सिलकडे मॅडमची तक्रार केली. देवधरांचीही झाली, पण त्यांचं प्रकरण दुसरीकडे चाललं आणि ते ताकिदीवर सुटले.

मग आमच्या टेबलाभोवती सल्लागारांची गर्दी झाली. वकिलांना फुकट सल्ला द्यायची सवय नसते, पण तेव्हा सगळे उदार झाले. कोणी म्हणालं, कारकुनाने सही घेतली म्हणा. कोणी म्हणालं, दुसरीच बाई समोर आणून उभी केली म्हणा, फसवणूक तुमचीच झाली. हा बचाव चांगला होता आणि खोटा ठरवणं जवळजवळ अशक्य होतं. मीही एक उत्तर तयार केलं. त्यात मॅडमच्या निष्कलंक कारकिर्दीवर दोन परिच्छेद होते आणि मला ते फार आवडले होते.

मॅडमनी ते वाचलं, व्याकरणाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मला परत दिलं. "छान लिहिलंय. जपून ठेवा, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल."

मुंबईला शिस्त समितीपुढे सुनावणी होती. मी बरोबर गेलो होतो. समितीतल्या ज्येष्ठ वकिलांनी विचारलं, आपलं काय म्हणणं आहे? मॅडम उभ्या राहिल्या. "सही माझी आहे. या बाईंना ओळखते असं मी लिहून दिलं. त्यांना मी पाहिलं नव्हतं. जिना उतरले असते तर कळलं असतं. उतरले नाही."

"आपली फसवणूक झाली, असं म्हणायचंय का?"

"माझी झालीच. पण मी सही केली म्हणून त्या बाईंचीही झाली. त्यांनी तर मला वकीलही नेमलं नव्हतं."

सनद एका वर्षासाठी निलंबित झाली. दिल्लीला अपील करता आलं असतं, स्थगितीही मिळाली असती, अशी उदाहरणं सगळ्यांना पाठ होती. मॅडमनी अपील केलं नाही. मला त्यांचा राग आला होता, हे सांगून टाकतो. परतीच्या बसमध्ये मी तळेगावपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. तळेगावला त्यांनी मला वडापाव घेऊन दिला आणि विचारलं, "माझी चालू असलेली कामं कोणाकोणाला द्यायची, ते उद्या बसून ठरवूया का?" त्यात त्यांनी सगळ्यात अवघड कामं मला दिली. बारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोपर्यंत निकालाची बातमी येऊन तिच्याखाली हात जोडलेली चित्रं पडली होती. हात कशासाठी जोडले होते, ते विचारायची सोय नव्हती.

निलंबन लोक साधारणपणे कसं पाळतात, ते मी सांगत नाही. मॅडमनी ते सोवळ्यासारखं पाळलं. स्कूटरवरचं चिन्ह ब्लेडने खरवडून काढलं. घराच्या दारावरच्या पाटीतल्या 'ॲड.'वर स्वतः पांढरा रंग दिला, तो जरा ओघळला, तसाच राहू दिला. सोसायटीतले एक काका पाण्याच्या टाकीच्या भांडणाची नोटीस घेऊन आले, तर म्हणाल्या, "मी सध्या वकील नाही. चहा घेणार?" काका हुशार. म्हणाले, "वकील म्हणून नको हो, शेजारीण म्हणून सांगा." मॅडम म्हणाल्या, "शेजारीण म्हणून सांगते. वकिलाकडे जा."

आणि तरी त्या कोर्टात यायच्या. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. पहिल्यांदा त्यांना साध्या फिक्या निळ्या साडीत, डब्याची पिशवी घेऊन कोर्ट हॉलच्या मागच्या बाकावर बसलेलं पाहिलं तेव्हा माझी मान खाली गेली. ओळखीचे वकील त्यांच्यासमोरून जाताना एकदम फोन काढायचे. मी विचारलं, "मॅडम, कशाला येता? त्रास होतो बघायला." म्हणाल्या, "तुम्हाला होतो ना? मग तुम्ही बघू नका. मला इथून बसून बघायचंय."

काय बघायचंय, ते त्यांनी पुढे एकदा सांगितलं. "सय्यद, मागच्या बाकावर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. इतकी वर्षं मी पुढे उभी राहून बोलत होते, कधी मागे वळून पाहिलं नाही. एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून बसले होते. त्यांचं नाव पुकारून, तारीख पडून, वकील निघूनही गेले होते. ते आपले पाच वाजेपर्यंत हात जोडून बसलेले." यावर त्यांनी काही मत दिलं नाही. पण त्या दिवसापासून मी माझं काम झालं की मागे जाऊन माझ्या पक्षकाराला सांगायला लागलो, काय झालं आणि पुढे कधी यायचं. यात विशेष काही नाही, पण मला ते आधी सुचलं नव्हतं.

त्या वर्षाच्या मध्यावर एका शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या मला वाघोलीला सोडाल का?" कोणाकडे, हे मी विचारलं नाही.

यमुनाबाईंचं घर उंच इमारतींच्या कडेला राहून गेलेलं, पत्र्याचं. ओट्यावर बसून त्या मेथी निवडत होत्या. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर हिरवं गोंदण, उजव्या भुवईत एक जुनी खोक. मॅडम अंगणात उभ्या राहिल्या. "मी निर्मला ओव्हाळ. आपल्या नावाच्या अंगठ्याखाली माझी सही होती."

यमुनाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मंग आता काय पायजे? तक्रार माघारी घ्यायची हाय का?"

"नाही. तक्रार बरोबर होती. शिक्षाही झाली."

"मंग कशापायी आली?"

"मी आपल्याला ओळखते असं लिहून दिलं होतं. पाहिलं कधी नव्हतं. म्हणून आले."

मला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. यमुनाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे ओढला आणि तोंड उन्हात पुढे केलं. "बग मंग नीट. पुन्यांदा चुकू नगं."

मॅडम पाहत राहिल्या. यमुनाबाईही त्यांच्याकडे पाहत होत्या. मग यमुनाबाई सावकाश म्हणाल्या, "जिमिनीचं येवढं न्हाई वाटलं. माझ्या भावानं माझ्या जागी दुसरीला बशिवली. मी जित्ती असताना. आन् तुम्ही शिकल्याली मान्सं, तुम्ही व्हय म्हनला."

मॅडम कष्टाने ओट्यावर टेकल्या, मेथीची एक काडी उचलली आणि पानं खुडायला लागल्या. यमुनाबाईंनी थोडा वेळ बघून घेतलं. "येवढा देठ ठिवत न्हाईत," असं म्हणून काडी हातातून घेऊन दाखवलं. मेथी निवडून झाली तेव्हा आतून चहा आला. निघताना यमुनाबाई आल्या नाहीत सोडायला, पण ओट्यावरून म्हणाल्या, "पुन्यांदा येशीला तर सवड काढून ये. उभ्या उभ्या नगं."

मॅडम पुढे तिथे जात राहिल्या असाव्यात. मला त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या डब्यात अधूनमधून वाघोलीची मेथी असायची.

वर्ष संपलं. सनद पुन्हा चालू झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन धायरीला गेलो. त्यांनी एक पेढा घेतला आणि पाटीवरचा रंग खरवडायला मला टर्पेंटाइन आणायला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी कोट घालून कठडा धरून वर आल्या. मला वाटलं होतं, कोणी फिरकणार नाही. पहिले काही दिवस खरंच टेबल रिकामं होतं. मग मागच्या बाकावरची माणसं यायला लागली. वर्षभर त्यांच्या शेजारी बसलेली, त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्लेली माणसं. काहींना तर त्या वकील आहेत हेच माहीत नव्हतं. एक आजोबा म्हणाले, "बाई, तुमची पन तारीख असायची ना इथं? लागला का निकाल?" मॅडम म्हणाल्या, "लागला. माझ्याविरुद्ध लागला. पण बरोबर लागला."

माझी सरकारी वकील म्हणून सोलापूरला नेमणूक झाली, त्या आठवड्यातली ही गोष्ट. दुपारची वेळ, आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. एक तरुण बाई जिना चढून आली. हातात बँकेसाठीचं प्रतिज्ञापत्र. सासूबाईंचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळंच पडलंय, तेवढं दुरुस्त करायचंय. अंगठा खाली जाऊन घेते, म्हणाली. "आत्या रिक्षात बसल्यात. पाय लई दुखत्यात त्यांचं. जिना न्हाई चढवत."

देवधरांचा शिक्का हातातच राहिला. मी मॅडमकडे पाहिलं नाही, पाहायचं धाडस झालं नाही. मॅडमनी कागद ओढून घेतला आणि वाचला. मग माझ्याकडे सरकवला. नाव यमुनाबाईंचं होतं.

"त्यांनीच तुमच्याकडं पाठवलंय," सून म्हणाली. "म्हनल्या, वरती जाडी वकीलबाई हाय, ती वळखती मला."

देवधरांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या वर्षाने देवधरही थोडे बदलले होते, पण फार नाही. "मग झालं तर मॅडम. यांना तर तुम्ही चांगलंच ओळखता. करा सही, मी मारतो शिक्का."

"ओळखते," मॅडम म्हणाल्या. "पण आज पाहिलं नाही." त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायला सुरुवात केली. "चला, देवधर. आपणही चला. शिक्का घ्या."

"मी?"

"आपणच. व्यायाम होईल."

मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात कागद, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरायला लागल्या. मागे पुटपुटत देवधर, त्यांच्या मागे सून. जिन्यावरून वर येणारे लोक बाजूला होऊन थांबत होते. मी वर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली फाटकाजवळ, झाडाखाली रिक्षा उभी होती, उघडी बाजू आमच्याकडे करून. त्यांना तिथवर पोचायला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात मला जे वाटत होतं ते 'बरं वाटलं' एवढं म्हणून सांगता येणार नाही. मी सोलापूरला काय घेऊन चाललोय, ते मला तिथे उभं राहून कळलं.

रिक्षातून यमुनाबाईंचा आवाज वरपर्यंत आला. "तू कशाला उतरलीस गं, गुडघं मोडून घ्यायला? मी हाय म्हनून सांगितलं न्हाई का सुनंनं?"

मॅडम धापा टाकत होत्या. रिक्षाच्या दांड्याला धरून वाकल्या आणि आत पाहिलं. "सांगितलं. पदर घ्या मागे."

यमुनाबाईंनी पदर मागे घेतला आणि तोंड पुढे केलं. मॅडमनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला, पुन्हा घातला, आणि सावकाश, काही घाई नसल्यासारखं पाहिलं. मग देवधरांना थोडं पुढे ओढून त्यांनाही दाखवलं. यमुनाबाईंनी अंगठा उठवला. मॅडमनी तो कागद रिक्षाच्या सीटवर ठेवला, पेन उघडलं, आणि अंगठ्याखालच्या ओळीखाली सही केली.